लोकनियुक्त शाळामंडळ, गावाची श्रद्धा आणि शिक्षकाचे कर्तव्य

प्राथमिक शाळा ही गावाची संस्था होय. तिच्या भिंती गावाच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिलेल्या असतात आणि तिच्यात शिकणारी मुले गावाचीच असतात. सबब शाळा कशी चालावी ह्याविषयी गावाने बोलावे, आपले प्रतिनिधी निवडून द्यावे आणि त्यांच्याकरवी शाळेवर देखरेख ठेवावी, हे लोकशाहीस धरूनच आहे. परंतु शाळेत जे शिकविले जाते ते केवळ गावापुरते नसते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, ग्रहण हा सावलीचा खेळ आहे, देवीचा रोग विषाणूमुळे होत असे, ह्या गोष्टी गावाच्या ठरावाने खऱ्या ठरत नाहीत आणि ठरावाने खोट्याही होत नाहीत. आता गावाची श्रद्धा व वर्गातील पाठ ह्यांत विरोध उत्पन्न झाला, आणि त्या श्रद्धेच्या बळावर निवडून आलेले सभासदच शाळेचा कारभार पाहू लागले, तर काय होते? मतदार काय करतात? न्यायालय काय म्हणते? आणि ह्या सर्वांच्या मध्ये उभ्या असलेल्या शिक्षकाने काय करावयाचे?

हा प्रश्न समजून घेण्यास अमेरिकेचे उदाहरण उपयोगी पडते. कारण निवडून आलेल्या स्थानिक मंडळांच्या हाती तेथे शिक्षणाची जेवढी सत्ता आहे, तेवढी ती फार थोड्या देशांत आढळते.

शाळामंडळांची घडण

अमेरिकेत शाळा ही प्रथमपासून वस्तीची जबाबदारी मानली गेली. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६४७ साली असा कायदा केला की, पन्नास कुटुंबांच्या प्रत्येक गावाने मुलांना लिहिणे-वाचणे शिकविण्यासाठी शिक्षक नेमावा. त्यातून गावाने शाळा चालवावयाची आणि गावानेच तिचा कारभार पाहावयाचा, ही परंपरा रुजली. १९३९-४० साली त्या देशात १,१७,००० हून अधिक शाळाजिल्हे होते. पुढे लहान जिल्हे एकत्र करण्यात आले आणि आज त्यांची संख्या सुमारे १३,००० आहे. बहुतेक ठिकाणी शाळाजिल्ह्याचे मंडळ लोकांनी निवडलेले असते. अंदाजपत्रक मंजूर करणे, स्थानिक मालमत्ताकर ठरविणे, मुख्य शिक्षणाधिकारी नेमणे, शिक्षकांशी वेतनाचे करार करणे आणि पाठ्यपुस्तकांची निवड करणे, ही कामे मंडळाकडे असतात. राज्यसरकार अभ्यासक्रमाची मानके ठरविते. पण त्या चौकटीत मंडळाला बराच वाव राहतो.

ह्या निवडणुकांचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या पुष्कळदा अध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षी होत नाहीत, आणि मतदानास येणाऱ्यांची संख्या अल्प असते. त्यामुळे एखादा संघटित गट, मग तो कोणत्याही मताचा असो, थोड्या मतांच्या जोरावर मंडळ ताब्यात घेऊ शकतो. जो पालक घरी बसतो त्याचेही मत मोजले जाते. मात्र ते दुसऱ्याच्या पारड्यात मोजले जाते.

परंपरानिष्ठांचा वाजवी हक्क

जुन्या वळणाचे लोक शाळेच्या कारभारात लक्ष घालू लागले की सुशिक्षित मंडळी त्यांस अडाणी म्हणून मोकळी होतात. हे न्याय्य नव्हे. आपल्या मुलास घरची शिकवण हास्यास्पद वाटू नये, अशी इच्छा प्रत्येक आईबापास असते आणि ती रास्त आहे. ह्या इच्छेची दखल वेळीच घेतली नाही तर काय घडते, हे पश्चिम व्हर्जिनिया राज्यातील कनाव्हा परगण्यात १९७४ साली दिसून आले.

तेथील शाळामंडळात पाच सभासद होते. शाळांतील लैंगिक शिक्षणास विरोध करून १९७० साली निवडून आलेल्या एका धर्मोपदेशकाच्या पत्नीने भाषाविषयाच्या नव्या पुस्तकांस हरकत घेतली. ह्या पुस्तकांत धर्माची व कुटुंबाची अवहेलना आहे, असे अनेक पालकांचे म्हणणे होते. जून १९७४ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी बहुतेक पुस्तके घेण्याचे ठरले. सप्टेंबरात शाळा उघडल्या तेव्हा हजारो पालकांनी मुलांना घरी ठेवले आणि कोळशाच्या खाणींतील कामगारांनी काम बंद केले. पुढे शाळांवर स्फोटके पडली आणि ३० ऑक्टोबर रोजी खुद्द मंडळाच्या इमारतीत स्फोट झाला. नोव्हेंबरात मंडळाने बहुतेक पुस्तके परत शाळांत आणली. परंतु काही पुस्तके पालकांच्या संमतीशिवाय मुलांस देऊ नयेत, असेही ठरविले.

हिंसेचे समर्थन होऊच शकत नाही. तथापि पुस्तके पालकांस आधी दाखविली असती, त्यांच्याशी बोलणे केले असते आणि संमतीची तरतूद अखेरीस न करता आरंभीच केली असती, तर इतका भडका उडता ना, असे मानण्यास जागा आहे. गावाला विश्वासात घेणे म्हणजे गावाला शरण जाणे नव्हे, हा कनाव्हाचा धडा होय.

डोव्हरचा ठराव

आता दुसरी बाजू पाहू. पेनसिल्व्हेनिया राज्यातील यॉर्क परगण्यात डोव्हर नावाचा शाळाजिल्हा आहे. एक गाव व दोन ग्रामीण विभाग मिळून तो बनलेला असून २००४ च्या सुमारास त्यात सुमारे ३,७०० विद्यार्थी होते. शेती, लहान कारखाने आणि चर्च ह्यांभोवती जीवन गुंफलेला हा परगणा राजकारणातही परंपरानिष्ठ पक्षाचा बालेकिल्ला मानला जातो. मंडळात नऊ सभासद होते. ते चार वर्षांसाठी निवडले जात आणि कामाचे वेतन घेत नसत.

ह्या मंडळातील काही सभासदांस जीवशास्त्राच्या पुस्तकातील उत्क्रांतिवादाचे प्रकरण खटकत होते. २००४ च्या उन्हाळ्यात त्यांनी नव्या पाठ्यपुस्तकाची खरेदी अडवून धरली. विज्ञानशिक्षकांस पुस्तक हवे होते, म्हणून त्यांनी काही बाबतींत पडते घेतले. पुस्तक अखेर मिळाले; परंतु मागण्या थांबल्या नाहीत. १८ ऑक्टोबर २००४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी ठराव झाला की, डार्विनच्या सिद्धांतातील उणिवा आणि ‘बुद्धिमान रचना’ ह्या नावाने ओळखला जाणारा दुसरा विचार ह्यांची जाणीव विद्यार्थ्यांस करून द्यावी. सजीवांची घडण इतकी गुंतागुंतीची आहे की तिच्यामागे कोणी बुद्धिमान रचनाकार असलाच पाहिजे, असे हा विचार सांगतो. विरोधी मत देणाऱ्यांपैकी एका दांपत्याने त्याच बैठकीत राजीनामा दिला.

पुढे असे ठरले की, नववीच्या जीवशास्त्राच्या तासाला उत्क्रांतीचा पाठ सुरू होण्यापूर्वी शिक्षकाने एक लहानसे निवेदन वाचून दाखवावे. डार्विनचा सिद्धांत हे सिद्ध झालेले सत्य नव्हे, दुसऱ्या विचाराचे पुस्तक ग्रंथालयात आहे, मुलांनी मन मोकळे ठेवावे आणि जीवनाच्या मूळाचा विचार घरच्यांवर सोपवावा, असा त्याचा आशय होता. वरवर पाहता ह्यात आक्षेपार्ह काय, असे कोणासही वाटावे. परंतु विज्ञानात ‘सिद्धांत’ हा शब्द अंदाज अशा अर्थाने वापरीत नाहीत. अनेक पुराव्यांनी तपासलेली आणि अनेक घटनांचा उलगडा करणारी उपपत्ती, असा त्याचा अर्थ आहे. हा भेद पुसून टाकणे म्हणजे मुलाच्या हाती खोटे माप देणे होय. शिवाय गुरुत्वाकर्षण वा अणू ह्यांच्या पाठापूर्वी असे कोणतेही निवेदन नव्हते. ते एकट्या उत्क्रांतीसाठीच होते.

शिक्षकांनी काय केले

येथून पुढचा भाग शिक्षकांनी विशेष लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. डोव्हरच्या विज्ञानशिक्षकांपुढे तीन मार्ग होते. मुकाट्याने निवेदन वाचून टाकावे, हा पहिला. मोर्चा काढून मंडळाशी उघड भांडण मांडावे, हा दुसरा. त्यांनी तिसरा मार्ग धरला. ६ जानेवारी २००५ रोजी त्यांनी एकत्रितपणे मुख्य शिक्षणाधिकाऱ्यांस लेखी कळविले की, राज्याच्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार शिक्षकाने विद्यार्थ्यापुढे विषयाचे जाणूनबुजून विपरीत चित्र मांडता कामा नये. हे निवेदन वाचल्यास आमच्याकडून तेच घडेल. सबब ह्या कामातून आम्हांस वगळावे.

त्यांनी मंडळाची निंदा केली नाही आणि कोणाच्या धर्माविषयी अवाक्षर काढले नाही. उत्क्रांतीचा नेमलेला पाठ त्यांनी नेमल्याप्रमाणे शिकविला. केवळ एका असत्यास आपला आवाज देण्याचे त्यांनी नाकारले आणि त्या नकारास नियमाचा आधार दाखविला. त्याच जानेवारीत अधिकारी स्वतः वर्गांत गेले व त्यांनी निवेदन वाचले. त्या वेळी शिक्षक वर्गाबाहेर उभे राहिले. मुलांस प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. ज्या गोष्टीवर मुलाने प्रश्न विचारावयाचा नाही, ती गोष्ट विज्ञानाच्या तासाला कशी शोभावी, हे प्रत्येक शिक्षकाने स्वतःस विचारून पाहावे.

मतदार आणि न्यायालय

१४ डिसेंबर २००४ रोजी अकरा पालकांनी संघराज्याच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला होता. ‘किट्झमिलर विरुद्ध डोव्हर’ ह्या नावाने तो प्रसिद्ध आहे. शासनाने कोणत्याही धर्माची स्थापना करू नये, ह्या अमेरिकन राज्यघटनेतील पहिल्या दुरुस्तीच्या तत्त्वावर तो आधारलेला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली आर्कान्सा राज्यातील उत्क्रांतिबंदी रद्द केली होती आणि १९८७ साली लुइझियाना राज्याचा ‘सृष्टिनिर्मितीचे विज्ञान’ शिकविण्यासंबंधीचा कायदाही रद्द केला होता. सुनावणी २६ सप्टेंबर ते ४ नोव्हेंबर २००५ अशी चालली. तीत उघड झाले की, ग्रंथालयात ठेवलेल्या त्या पुस्तकाच्या आरंभीच्या मसुद्यांत ‘सृष्टिनिर्मितीवादी’ असे शब्द होते आणि १९८७ च्या निकालानंतर तेथे ‘रचनावादी’ असा बदल झाला होता. म्हणजे पाटी बदलली होती, माल तोच होता. पुस्तकाच्या प्रती घेण्यासाठी एका चर्चमध्ये वर्गणी जमविली होती, हेही पुढे आले. आणि ही गोष्ट ज्यांस ठाऊक होती त्या सभासदांनी शपथेवर सरळ उत्तरे दिली नाहीत, ह्याबद्दल न्यायाधीशांनी कठोर शब्दांत नापसंती व्यक्त केली.

सुनावणी संपल्यावर चारच दिवसांनी, ८ नोव्हेंबर २००५ रोजी, मंडळाची निवडणूक झाली. नऊपैकी आठ जागांसाठी मतदान होते. ठरावाची बाजू घेणारे सभासद त्या आठही जागा गमावून बसले. मतांचे अंतर फार मोठे नव्हते. नवे मंडळ कोणी बाहेरून आणून बसविले नव्हते. त्याच गावांतील, त्याच रविवारच्या प्रार्थनांना जाणाऱ्या लोकांनी ते निवडले. विजयी उमेदवारांत दोन्ही पक्षांचे लोक होते. बुद्धिमान रचनेचा विचार शिकवावयाचाच असेल तर तो तौलनिक धर्मविचारासारख्या ऐच्छिक विषयात शिकवावा, विज्ञानाच्या तासाला नव्हे, एवढीच त्यांची भूमिका होती.

न्यायाधीश जॉन जोन्स ह्यांचा १३९ पानांचा निकाल त्यानंतर सहा आठवड्यांनी, २० डिसेंबर रोजी, आला. ह्या न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश ह्यांनी २००२ साली केलेली होती, तेव्हा परंपरानिष्ठांचे वैरी म्हणून त्यांच्याकडे बोट दाखविणे शक्य नव्हते. बुद्धिमान रचना हे विज्ञान नव्हे, ती धर्मश्रद्धेचे रूप आहे आणि मंडळाचा ठराव घटनाबाह्य आहे, असा त्यांनी निर्णय दिला. उत्क्रांतिवाद व ईश्वरावरील श्रद्धा ह्यांत अपरिहार्य विरोध नाही, हेही त्यांनी नमूद केले. पालकांच्या बाजूने साक्ष देणाऱ्या तज्ज्ञांत श्रद्धावान कॅथलिक जीवशास्त्रज्ञ होते आणि कॅथलिक धर्मशास्त्राचे प्राध्यापकही होते. नव्या मंडळाने अपील केले नाही. जानेवारी २००६ मध्ये त्याने जुना ठराव मागे घेतला. दाव्याच्या खर्चापोटी मात्र शाळाजिल्ह्यास दहा लाख डॉलरांहून किंचित अधिक रक्कम द्यावी लागली. मुलांच्या शिक्षणासाठी गोळा केलेला पैसा वकिलांच्या देण्यात गेला.

येथे घटनाक्रम ध्यानात घ्यावा. शिक्षकांचा नकार प्रथम आला, मतदारांचा निर्णय त्यानंतर आणि न्यायालयाचा सर्वांच्या शेवटी. परंपरानिष्ठ गावाने आपली परंपरा सोडली नाही. शाळेत असत्य नको, एवढेच त्याने ठरविले. परंपरा जपणे आणि असत्य शिकविणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे डोव्हरच्या साध्या मतदारास उमगले.

आपल्याकडील स्थिती

महाराष्ट्रासही हा प्रश्न अपरिचित नाही. तत्कालीन मुंबई प्रांतात १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे सोपविला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सी. के. बोले ह्यांचा ठराव विधिमंडळात संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या समाजास खुले करावे, असे ठरले. परंतु अंमलबजावणी स्थानिक संस्थांच्या हाती होती, आणि त्या संस्थांत मर्यादित मताधिकारावर निवडून आलेले गावातील वरचढ लोक होते. अनेक शाळांत अस्पृश्य मुलांस वर्गाबाहेर किंवा वेगळे बसविणे चालूच राहिले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. १९२७ च्या सत्याग्रहानंतर तोच ठराव तिने मागे घेतला. आणि हा वाद उच्च न्यायालयात १९३७ साली अस्पृश्यांच्या बाजूने निकालात निघाला. गावाचे मत म्हणून जे सांगितले जाते ते पुष्कळदा गावातील काहींचेच मत असते, आणि ज्यांस बोलण्याची सोय नसते त्यांच्या मुलांचा वाटा शाळेने राखावयाचा असतो, हे त्या काळाने दाखवून दिले.

पुढे १९४७ च्या कायद्याने जिल्हा शाळामंडळे आली, आणि १९६१ च्या अधिनियमानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांनी ते काम हाती घेतले. शिक्षणहक्क कायद्याने १ एप्रिल २०१० पासून शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत, अशी तरतूद केली. आपल्याकडे अभ्यासक्रम व पाठ्यपुस्तके राज्यपातळीवर ठरतात, गावपातळीवर नव्हे. त्यामुळे डोव्हरसारखा ठराव येथे होण्याचा संभव कमी आहे. परंतु आग्रह, दबाव, कानोसा घेत केलेली सूचना, ‘गुरुजी, तो पाठ जरा आटोपता घ्या’ असा निरोप, ह्या गोष्टींस ठरावाची गरज नसते. पुनरुत्पादनाचा धडा गाळला जातो, एखाद्या समाजसुधारकाचा पाठ घाईने उरकला जातो, पोषण आहार शिजविणारी स्त्री कोणत्या जातीची ह्यावर कुजबुज होते. कसोटीचे प्रसंग हेच होत.

शिक्षकांनी ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. गावाचा अधिकार कोठे आहे आणि कोठे नाही, हे स्वतः स्पष्ट समजून घ्यावे. शाळेची वेळ, सुगीच्या दिवसांतील सवलत, स्थानिक सण, इमारतीची निगा, ह्या बाबतींत गावाचे ऐकावे, किंबहुना ते आग्रहाने विचारावे. पाठाचा आशय आणि कोणत्या मुलाने कोठे बसावे हे प्रश्न गावाच्या मतास सोपविता येत नाहीत. शासनाच्या पैशाने पूर्णतः चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देऊ नये, असे राज्यघटनेचे अठ्ठाविसावे कलम सांगते. आणि वैज्ञानिक दृष्टी वाढविणे हे १९७६ पासून नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून घटनेत नमूद आहे.

२. मुलाच्या घरास वर्गात हसू नये. ग्रहणाचा पाठ शिकविताना सावल्यांची आकृती नीट काढावी. परंतु ज्या मुलाची आई त्या दिवशी उपास करते तिच्याविषयी वावगा शब्द काढू नये. पाठ पटला म्हणजे मूल आपला विचार आपण करील.

३. नवे पुस्तक वा नाजूक प्रकरण असेल तर ते व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांपुढे आधीच ठेवावे. मातांस विशेषेकरून बोलवावे. झाकून ठेवलेले पुस्तक जितके भयंकर वाटते तितके ते उघडल्यावर वाटत नाही.

४. गैर सूचना आली तर एकट्याने वाद घालू नये. सहकाऱ्यांशी विचार करावा, सूचना लेखी द्यावी अशी नम्र विनंती करावी आणि नियमाचा आधार दाखवून मुख्याध्यापक व केंद्रप्रमुख ह्यांच्यामार्फत वर कळवावे. तोंडी दबाव बहुधा कागदावर उतरण्यास तयार होत नसतो.

५. निवडणुकीत शिक्षकाने स्वतःचे मत गुप्तपणे अवश्य द्यावे; परंतु कोणाचा प्रचार करू नये. सेवानियमांस ते मंजूर नाही. शिवाय निवडणूक संपल्यावर जिंकलेल्याची व हरलेल्याची मुले एकाच बाकावर बसावयाची असतात.

मंडळे निवडून येतात आणि मुदत संपली की जातात. गावाची मतेही पिढीगणिक बदलतात. परंतु नऊ वर्षांच्या मुलास आज जो पाठ खोटा सांगितला गेला, त्याची दुरुस्ती करण्यास पुढची निवडणूक येत नाही. म्हणून लोकशाहीने शाळेचा कारभार गावाच्या हाती दिला असला, तरी वर्गातील शब्दाची जबाबदारी शिक्षकाची आहे, आणि ती त्याने दुसऱ्या कोणाच्या स्वाधीन करता कामा नये.